उत्तरेकडची भिंत

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकू नकोस, आई बऱ्या आहेत. ताप गेलाय, खोकला अजून आहे, भूक परत आली आहे आणि चहात साखर कमी पडली की तोंड वाकडं करण्याइतकी ताकदही आली आहे. तू रोज फोनवर विचारतोस आणि मी रोज हेच सांगते. त्यापुढे आपलं बोलणं जातच नाही. 'आई बऱ्या आहेत' हे माझ्या तोंडातून पडायचा अवकाश, की तू भिंतीवर येतोस. गिरणीत भुसा कसा निघाला, त्यात ओल किती, चुना किती लागेल, गाडी कधी निघेल. मी हं हं म्हणत राहते. परवा तर मी फोन ओट्यावर ठेवून भांडी घासून घेतली, आणि परत कानाला लावला तेव्हा तू चुन्यावरच होतास. माझ्या मनात जे आहे ते सांगायला तू श्वास घ्यायला थांबायला हवास, आणि तू थांबत नाहीस.

मास्तर हे नाव तुला मीच ठेवलं. चष्म्याच्या दुकानात तू काच बदलायला आलास आणि फ्रेम कशाची बनते, मोडल्यावर कुठे जाते, जुन्या काचांचं आम्ही काय करतो, असा माझाच तास घेतलास. मागे रांग लागली होती, मालक डोळे वटारून बघत होते आणि मी हसू दाबत होते. नंतर दुकान बंद झाल्यावर तू मला घरापर्यंत सोडायला यायला लागलास. वाटेत कुणाच्याही घराच्या भिंतीला तळहात लावून उभा राहायचास. ही भिंत बाहेरून कोमट लागते म्हणजे आतली ऊब पळून चाललीय, हे लोक घर नाही, गल्ली तापवताहेत, असं म्हणायचास. एकदा आतून एक बाई खिडकी उघडून ओरडल्या, तर तू त्यांनाही तेच समजावलंस, आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं. वर तुला विचारलं, मग काय करावं आम्ही? मला तेव्हा वाटलं, ज्याला परक्यांच्या उबेची एवढी काळजी, त्याच्या घरात आपल्याला कधी थंडी वाजायची नाही. त्या वयात असंच वाटतं.

मग हे घर घेतलं. रस्त्याच्या टोकाचं, पुढे नुसतं मोकळं रान, उत्तरेचा वारा थेट छातीवर घेणारं. म्हणूनच ते कुणी घेत नव्हतं आणि म्हणूनच तुला हवं होतं. सगळ्यात गारठलेलं घर घ्यायचं आणि हवापाण्याला कसलाही अपाय न करता ते उबदार करून दाखवायचं. मलाही ते पटलं होतं, नाही म्हणत नाही. दरम्यान तुझे बाबा गेले, आई एकट्या पडल्या. त्यांची छाती आधीपासून नाजूक, जिना चढवत नाही, म्हणून खालची खोली. खाली दोनच खोल्या. दक्षिणेची, जिथे दिवसभर ऊन असतं, ती तुझं ऑफिस झाली, कारण घर कसं बांधावं हे तुला विचारायला लोक तिथे येणार. उत्तरेची, न्हाणीघराला लागून असलेली, आईंची. तात्पुरती गैरसोय, तू म्हणालास, भिंतीला अस्तर लागलं की तीच घरातली सगळ्यात उबदार खोली होणार. आई यायच्या आधीच्या आठवड्यात तू आतल्या पाट्या उखडल्यास आणि त्यामागचा काचेचा पिवळा कापूस ओरबाडून काढलास. तो कापूस जुना होता, कळकट होता, उंदरांनी कोपऱ्यात संसार मांडला होता त्यात. पण तो काम करत होता. तू तो पोत्यात भरलास, आणि आई आल्या तेव्हा त्यांच्या पलंगाशेजारी उघड्या विटा आणि लाकडी चौकटी होत्या. त्यांनी विचारलं, ही भिंत अशी का रे? तू म्हणालास, आई, ही भिंत आता श्वास घेणार आहे. त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना वाटलं, तू थट्टा करतोयस.

पहिल्यांदा लोकर आली. मेंढपाळाकडून थेट, न धुतलेली, कारण धुवायला आणि किडीपासून वाचवायला जी औषधं मारतात ती तुला चालत नव्हती. एका मेंढपाळाने तुला सांगितलं होतं की अशी कोरी लोकर भिंतीत घालू नका. तू त्याला लोकरीचे गुणधर्म समजावून आलास. सगळ्या घराला ओल्या मेंढराचा वास. आई म्हणायच्या, रात्री कूस बदलली की वाटतं कुणीतरी शेजारी रवंथ करतंय. आम्ही दोघी खूप हसायचो तेव्हा, तुझ्या मागे. तो एकच हिवाळा आई उबेत झोपल्या, हे मी तुझ्या बाजूने मोकळेपणाने लिहून ठेवते. उन्हाळा लागला आणि लोकरीला कसर लागली. पाट्यांच्या फटीतून बारके पतंग बाहेर यायचे, आईंच्या कपाटात शिरले, त्यांच्या स्वेटरांची चाळण झाली. आईंना खोकल्याची उबळ यायला लागली ती तेव्हापासून. तू सगळी लोकर उपसून काढलीस. खचला होतास, मी पाहिलंय तुला त्या दिवशी अंगणात त्या ढिगाशेजारी बसलेला. मी चहा आणून दिला आणि म्हटलं, झालं ते झालं, आता बाजारात मिळतं ते काहीतरी साधं घाल आणि भिंत बंद कर. तू म्हणालास, घाईघाईत चुकीची निवड करायची नाही. म्हणजे ही जी झाली ती सावकाश केलेली होती.

त्यानंतर नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. बुचाच्या पाट्या उत्तम, पण त्या जहाजाने समुद्र ओलांडून येणार, त्या जहाजाचा धूर आपल्या भिंतीच्या माथी. रद्दी कागदाचा भुगा स्वस्त, आपल्याच गावात बनतो, पण त्यात छपाईची शाई आणि आग लागू नये म्हणून घातलेला क्षार. लाकडाच्या तंतूंच्या गाद्या चांगल्या, पण त्यांना चिकटवायला वापरतात तो डिंक कुठला, हे कंपनीने कळवलं नाही म्हणून त्या बाद. दगडाची लोकर बनवायला भट्टी लागते. गवताच्या पेंढ्या जाड, पलंग कुठे ठेवायचा? फोमचं तर नाव काढलं की तू असा बघायचास, जणू मी आईंच्या जेवणात विष कालवायला सांगतेय. तुझ्या टेबलावर सगळ्यांचे तुकडे रांगेने मांडलेले असत, प्रत्येकाखाली त्याचा गुन्हा लिहिलेला. आणि उत्तरेच्या भिंतीचं घोंगडं भिजत पडलेलं. शेवटी तुला भांग सापडली. भांगेच्या दांड्यांचा भुसा चुन्यात कालवून भिंतीत ठासायचा, कीड नाही, विष नाही, जमिनीला उलट फायदाच. दुकानासमोरचा शिंपी मला म्हणाला, भांग म्हणे भिंतीला पाजणार आणि झिंग मालकाला. मी त्याच्यावर रागावले, पण घरी येऊन आईंना सांगितलं तेव्हा त्या उचकी लागेपर्यंत हसल्या. फक्त एक अडचण होती. भांग अजून शेतात उभी होती. ती कापायची, कुजवायची, गिरणीत फोडायची. आपण पिकाची वाट बघत बसलो.

तू चुकीचा होतास असं मी म्हणत नाहीये. ऐक, तुझं जवळजवळ सगळं बरोबर होतं, हीच तर अडचण. जहाजाचा धूर खरा, शाई खरी, डिंक खरा. मी त्या चौकटींवर जुन्या रजया खिळ्यांनी ठोकल्या, तर तू म्हणालास मागे ओल अडकेल आणि बुरशी धरेल. मी भांडले, रजया राहू दिल्या, आणि महिन्याभरात त्यांच्या मागे काळे ठिपके उठले. ते ठिपके मला दाखवताना तुझा चेहरा कसा उजळला होता! रजया काढल्या. मग मी म्हटलं, ऑफिस उत्तरेला ने आणि आईंना दक्षिणेच्या उन्हात ठेव, त्याला तर कुठलं साहित्य लागत नाही. तेव्हा मात्र तू बरोबर नव्हतास, तू म्हणालास की लोक येतात तिथे, त्यांच्यासमोर थंडीत कुडकुडत उबेवर कसं बोलू? हे वाक्य तू स्वतःच्या कानांनी ऐकलंस का, मला माहीत नाही. मी ऐकलं. आई स्वयंपाकघरात होत्या, त्यांनीही ऐकलं. त्या म्हणाल्या, राहू दे गं, मला त्या खोलीची सवय झालीय. शेवटी हीटर आणला. तोही असा आणलास, जणू घरात दारूची बाटली आणतोयस.

आणि मग तुझे ते रविवार. महिन्यातून एकदा घर लोकांना उघडं. भिंतीचा दाराएवढा एक भाग तू भांग आणि चुन्याने भरलास, कुठून तरी पोतंभर भुसा मिळवून, त्यात मध्ये काचेची छोटी चौकट बसवलीस, म्हणजे आत काय आहे ते लोकांना दिसावं. सुंदर झाला होता तो तुकडा, खरंच. पण बाकीच्या भिंतीवर पडदा. पडद्यामागे विटा, आणि विटांच्या फटींतून येणारा वारा. लोक यायच्या आधी सकाळभर हीटर लावून खोली तापवायची, मग तो न्हाणीघरात लपवायचा. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. तू म्हणालास, फसवणूक नाही, भिंत पूर्ण झाल्यावर जे होणार आहे ते मी त्यांना आधी दाखवतोय. मी दुकानात निघून जायचे, कारण रविवारी आमच्याकडे गिऱ्हाईक जास्त असतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बघवत नसे. आई मात्र तिथेच, पलंगावर, केस विंचरून. पाहुण्यांनी विचारलं की म्हणायच्या, छान ऊब असते हो. पाहुणे निघून गेल्यावर मी विचारायचे, का खोटं बोलता? त्या म्हणायच्या, त्याचं तोंड बघितलंस का, लहानपणी बक्षीस मिळाल्यावर व्हायचं तसं होतं.

आता त्या रविवारचं. आपण त्यावर एकदाही बोललो नाही. दवाखान्यात तू रडलास, मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला, तेवढंच. मी दुकानातून परत आले तेव्हा घरात दिवा नव्हता. मला वाटलं, तू आईंना घेऊन कुठे गेलास की काय. खोलीत गेले तर त्या पलंगावर बसलेल्या, पातळ चादर गुडघ्यांवर, ओठ निळे, आणि मला बघून म्हणाल्या, आलीस? चहा टाकतेस का? दात वाजत असल्यामुळे ते मला दुसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं. मी हीटर शोधला. न्हाणीघरात नव्हता. तुझ्या ऑफिसात नव्हता, जिन्याखाली नव्हता. मी वेड्यासारखी माझ्याच घरात हीटर शोधत होते. मग आईंना अंथरुणात घेऊन मीच त्यांना मिठी मारून पडून राहिले, दवाखान्याची गाडी येईपर्यंत. नंतर तूच सांगितलंस. त्या दिवशी पाहुण्यांना न्हाणीघरातली पाण्याची व्यवस्था बघायची होती, म्हणून तू हीटर गाडीच्या डिकीत ठेवलास. मग त्यांच्यापैकी कुणाला तरी दुसरं एक घर बघायचं होतं, तू त्यांना गाडीत घेतलंस आणि गेलास. हीटर तुझ्याबरोबर गावभर फिरत होता. तू त्या लोकांना बहुधा सांगत असशील की ऊब जिथे हवी तिथेच राहायला हवी.

आईंना मी विचारलं, तुम्ही त्याला फोन का नाही केलात? म्हणाल्या, तो लोकांत होता, कशाला मध्ये? दवाखान्यात छातीचा फोटो काढला, दोन्ही फुप्फुसांत पाणी. डॉक्टर बाईंनी तुला बाहेर बोलावलं आणि विचारलं, या कुठल्या खोलीत राहतात? आणि तू, मास्तर, तू तिथे त्या पांढऱ्या उजेडात उभं राहून त्यांना भिंत समजावलीस. हवा खेळती राहणारी भिंत छातीच्या रोग्यांना कशी चांगली, चुन्यात जंतू कसे धरत नाहीत. त्या बाई थकल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते होईल तेव्हा होईल, तोपर्यंत यांना त्या खोलीत नेऊ नका. तू मला वचन दिलंस की आई बाहेर येईपर्यंत भिंत भरलेली असेल. आणि भांगेचं पोतं ओलं निघालं म्हणून तू स्वतः गिरणीवर गेलास, आईंच्या नाकात नळी असताना. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तुझा तर झोपाही अजून गिरणीतच आहे. शिवाय थंडीत भरलेला चुना वाळत नाही, हे मला तूच शिकवलंयस. गाडी उद्या आली तरी वसंतापर्यंत ती भिंत ओल्या फडक्यासारखी राहणार. तुला हे माहीत आहे. मला कळत नाही ते एवढंच, की तुला ते माहीत असूनही तू कसा गेलास.

फोनवर सांगितलं नाही ते आता सांगते. आम्ही घरी नाही. दवाखान्यातून निघताना मी रिक्षावाल्याला आपला पत्ता सांगितलाच नाही. एक खोली भाड्याने घेतली आहे, लिफ्ट असलेल्या इमारतीत, भिंतींना आजारी हिरवा रंग, खिडकीतून बसचा डेपो दिसतो. या भिंतींत फोम आहे. मी विचारलं नव्हतं, घरमालकानेच अभिमानाने ठोकून दाखवलं. तू ज्याला विष म्हणतोस तेच, नखशिखांत. ते जळलं तर धूर कसला निघतो, पुरल्यावर किती पिढ्या मातीत तसंच राहतं, सगळं मला पाठ आहे, तुझ्या कृपेने. मी ते आईंना सांगितलंही. त्या म्हणाल्या, माझ्यानंतर काय ते बघा. पहिल्या दिवशी त्यांनी अंगावरचं पांघरूण दूर केलं, पाय मोकळे सोडले आणि स्वतःच्या बोटांकडे बघत बसल्या. त्यांचे पाय इतके गोरे आहेत हे मला माहीतच नव्हतं. आपल्या घरी मी त्यांना मोज्यांशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. तुझ्यावरच्या रागाने रडले, दुसरं काही नाही.

इथे आल्यावर एकदा बोलता बोलता मी म्हटलं, त्या दिवशी तुमची शाल कुठे होती? आणि जाड पांघरूण? ते तर वरच्या खोलीत आपल्या पलंगावर घडी करून ठेवलेलं होतं, मला वाटलं मीच सकाळी उन्हात घालायला काढलं असेल. आईंनी पांघरुणाचं टोक नीट केलं. मग म्हणाल्या, फोटो काढायचा होता ना. तो म्हणाला, आई, शाल काढ, शालीत बरं दिसत नाही, लोकांना वाटेल तुला थंडी वाजते. पांघरूणही त्यानेच नेलं आणि ही पातळ चादर दिली. मला म्हणाला, भिंतीवर हात ठेव आणि हस. मी ठेवला. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तुझा फोटो चांगला यावा म्हणून आपण नीट हात ठेवला होता, असं सांगत होत्या. मी इतकी वर्षं तुझ्या बाजूने लोकांशी भांडले, शिंप्याशी, माझ्या बहिणीशी, दुकानमालकांशी. म्हणायचे, तो विसराळू आहे, हट्टी आहे, पण मनाने वाईट नाही. आता मला ते वाक्य पुरं करता येत नाही. शाल विसरून राहिली नव्हती, तू ती अंगावरून काढून नेली होतीस.

काल तुझं पत्रक दुकानाच्या पत्त्यावर आलं. शुद्धलेखन बघून दे, म्हणतोस. बघितलं, एकही चूक नाही. वर आई, पातळ पांढऱ्या कपड्यांत, भिंतीवर तळहात, हसताहेत. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्या घरात हिवाळ्यातही हीटर लागत नाही.' आणि सोबत तुझी चिठ्ठी, की ज्या स्पर्धेत तू घर उतरवलंयस तिचे परीक्षक पुढच्या आठवड्यात घर बघायला येणार, तोवर आईला तिच्या खोलीत आण, थोडा वेळ बसली तरी चालेल, रिकामी खोली घरासारखी वाटत नाही. मी ते आईंपासून लपवणार होते, पण त्यांनी पाकिटावरचं तुझं अक्षर ओळखलं. चष्मा मागितला. फोटो बराच वेळ बघितला, म्हणाल्या, केस बरे दिसतात. मग खालची ओळ वाचली, ओठ हलवत, आणि चिठ्ठीही. चष्मा काढला आणि म्हणाल्या, त्याला कळव, मी त्या खोलीत परत यायची नाही. भिंत झाली तरी नाही. मी फोन त्यांच्या हातात दिला, म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, फोनवर नको गं, तो समजावतो आणि मला पटतं. लहान होता तेव्हापासून त्याचं मला पटतच आलंय. तू लिही. म्हणून हे लिहिलं. आणि आता माझं एवढंच मागणं आहे, पत्ता विचारत दुकानात येऊ नकोस. परीक्षकांना भिंत दाखव, गिरणी दाखव, काय हवं ते दाखव. पण इथे येऊ नकोस. तू दारात उभा राहून नुसतं 'आई' म्हणालास, तर त्या चपला घालून तुझ्याबरोबर निघतील. हे त्यांना माहीत आहे आणि त्यांना त्याचीच भीती वाटते.

तुझीच, पण आधी आईंची,
बायको